गायरानावरची घंटा

मी गाईच्या गळ्यातली घंटा बोलतेय. चर्चच्या मनोऱ्यातली नव्हे हं. ती मोठ्या घरची. तिचा आवाज ऐकून लोक स्वच्छ कपडे घालून निघतात. माझा आवाज ऐकून फार तर म्हणतात, "आली वाटतं गाय."

सध्या मी हेझलडन गावात एका गोठ्याच्या दाराला, खिळ्यावर टांगलेली आहे. हे हेझलडन दुसरं. पहिलं समुद्रापलीकडे, इंग्लंडात, सफोक परगण्यात. माणसं गाव सोडून निघाली की गावाचं नाव सोबत घेतात. त्याला जहाजात जागा लागत नाही.

इथलं प्रार्थनाघर गोठ्याला इतकं लागून आहे की पाद्रीबाबा बोलू लागले की गाई कान हलवतात. कापणी झाली की दरवर्षी ते एकच प्रवचन देतात: आपले वाडवडील देवासाठी घरदार सोडून या रानात आले. तरुण पोरं माना डोलावतात. बाकावरची म्हातारी थॉमझिन, माझी मालकीण, मात्र मान हलवत नाही, होकाराला नाही आणि नकारालाही नाही. देव नव्हताच असं मी म्हणणार नाही. पण देवाच्या आधी एक गाय होती, आणि ती माझ्यामागे उभी होती, म्हणून मला ठाऊक आहे.

मला घडवलं पहिल्या हेझलडनच्या लोहाराने. पत्र्याचा तुकडा दुमडून त्याने कडा खिळ्यांनी जोडल्या, वरून पितळेचा चुरा टाकला, चिखल आणि शेणाचा लेप दिला आणि मला भट्टीत खुपसलं. पितळ वितळून अंगभर पसरलं, फटी बुजल्या, तेव्हा कुठे मला आवाज फुटला. आवाज काही फार गोड नव्हता. लोहाराने मला एकदा वाजवलं आणि म्हणाला, "चालेल. गाईला गाणं थोडंच शिकवायचंय." माझ्या शिक्षणाविषयी पुढे कुणी याहून जास्त बोललं नाही.

थॉमझिनचं लग्न झालं तेव्हा तिच्या बापाने आंदण म्हणून एक कालवड दिली, जिल नावाची. मी तिच्या गळ्यात होते. नवरा अ‍ॅम्ब्रोझ. त्याला जमीन नव्हती, होते ते दोन हात. काटेरी झुडपांचं कुंपण घालण्यात त्याच्यासारखा माणूस आसपासच्या गावांत नव्हता. कोवळी झुडपं अर्धवट कापून, आडवी वाकवून तो अशी गुंफायचा की सशालाही वाट विचारावी लागे. काम असेल तेव्हा चार पैसे मिळत. नसेल तेव्हा घर चालवायची जिल.

आणि जिलला चालवायचं गायरान. गावाच्या उत्तरेला ओढ्यापर्यंत पसरलेलं ते कुरण गावातल्या प्रत्येक चुलीचं होतं. ज्याच्या घरातून धूर निघतो त्याची एक गाय तिथे चरेल, एवढाच नियम होता. तो कुणी केला हे कुणाला माहीत नव्हतं, कारण मोडायची वेळच कधी आली नव्हती. सकाळी सगळ्या गाई एकत्र जात, संध्याकाळी एकत्र येत. थॉमझिन चुलीशी बसून कुणाची गाय मागे राहिली ते घंटांवरून सांगायची. माझा आवाज तर तिला झोपेतही कळायचा. दूध, लोणी, चीज, चीज करताना निघालेल्या निवळीवर पोसलेलं डुक्कर, सगळं त्या गवतातून यायचं. गरिबाला गायरान म्हणजे न नांगरता पिकणारं शेत.

मग जहागीरदाराचा कारभारी साखळी घेऊन आला आणि गायरान मोजू लागला. लोकरीला भाव होता, आणि मालकांना मेंढ्या ठेवायच्या होत्या. गावातली शहाणी माणसं त्याच्याकडे गेली. म्हणाली, हे तर आमचं आहे, बापजाद्यांपासून.

कारभारी चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही, हीच त्याची मोठी खोड. म्हणाला, "याला कधी कुंपण होतं का?"

"नव्हतं."

"मग तुमचं कसं? ज्याचं असतं तो कुंपण घालतो. ज्याला कुंपण नाही त्याला मालक नाही."

आणि कुंपण घालायला त्याने बोलावलं कुणाला? अ‍ॅम्ब्रोझला. महिन्याभराची मजुरी रोख. अ‍ॅम्ब्रोझ गेला. घरात पीठ नव्हतं, न जाऊन सांगतो कुणाला? त्याने चर खणला, काटेरी रोपं लावली, आणि ती रुजेपर्यंत मधे फळ्यांचा पक्का आडोसा घातला. रोज संध्याकाळी हातात रुतलेले काटे काढताना थॉमझिन त्याला म्हणायची, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"दांड्यालाही पोट असतं," तो म्हणायचा. मग ती पुढचा काटा काढायची.

त्या हिवाळ्यात जिल रस्त्याच्या कडेचं गवत खाऊन जगली. कडेचं गवत सगळ्या गावाच्या गाई खात होत्या, तेव्हा उरायचं किती? दूध आटलं. एका धुक्याच्या पहाटे थॉमझिनने फळ्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर ओढून काढली, तिचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. एक फळी सरकवली. अ‍ॅम्ब्रोझने ती नेमकी त्या जागी सैल का ठेवली होती, हे तिने त्याला कधी विचारलं नाही. जिल आत शिरली आणि तिने पोटभर खाल्लं. मी जन्मात पहिल्यांदा मुकी झाले होते. राग मात्र आला नाही. आपल्याच ताटात जेवायला चोरून जावं लागणाऱ्याने आवाज कशाला करावा?

काही दिवस हे निभलं. मग गायरानाचा राखणदार गॉडार्डबाबा याला ओल्या मातीत जिलच्या खुरांचे ठसे दिसले. म्हातारा याच गावचा. पूर्वी गाई राखायचा, आता गाईंपासून गवत राखायचा. त्याने जिलला कोंडवाड्यात घातलं. संध्याकाळपर्यंत तिची कास दगडासारखी झाली आणि ती हंबरू लागली. बोळा अजून माझ्या तोंडात होता, नाहीतर मीही हंबरले असते.

थॉमझिन चरवी घेऊन आली. "गॉडार्डबाबा, कास फुटायला आलीय तिची. आत येऊ द्या."

"कुलूप मालकांचं आहे पोरी."

"किल्ली तर तुमच्या कमरेला दिसतेय."

"कमरही त्यांचीच समज," म्हातारा म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "फळीतून हात घाल. मी तिकडे पाहतो."

तिने फळ्यांच्या फटीतून हात घालून दूध काढलं. पहिली वाटी तिने म्हाताऱ्याला दिली. त्याने ती तोंड फिरवूनच प्यायली. मी फार माणसं पाहिली, पण इतकं लाजून दूध पिणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

दंड भरून जिल सुटली. कारभाऱ्याने बजावलं की पुन्हा सापडली तर गाय परत मिळणार नाही. त्या दिवशी अ‍ॅम्ब्रोझने विषय काढला. बंदरावर माणसं गोळा करत होते. समुद्रापलीकडे जमीन आहे म्हणे, हवी तेवढी.

"कुणाची?" थॉमझिनने विचारलं.

"कुणाचीच नाही म्हणतात."

"तिथे राहतं कोण?"

"थोडे रानटी लोक. ते जमीन धरून बसत नाहीत म्हणे."

थॉमझिन बराच वेळ जिलच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "मला एवढंच सांग. तिथे गाय चारायला कुणाची परवानगी लागते?"

"कुणाची नाही."

"मग चल."

एवढंच. हे कुणी प्रवचनात सांगत नाही, म्हणून मी सांगते.

जहाजाचं भाडं द्यायला जिलला विकावं लागलं. ती पलीकडच्या गावच्या एका शेतकऱ्याकडे गेली. जाताना थॉमझिनने मला तिच्या गळ्यातून सोडवलं. शेतकरी म्हणाला, "घंटेसकट ठरलं होतं बाई." ती म्हणाली, "ठरलं होतं ते गाईचं." आणि मला परकराच्या खिशात घालून चालू लागली. जिल दोनदा वळली. थॉमझिन वळली नाही, पण खिशातल्या मला तिने इतकं घट्ट धरलं होतं की माझा पत्रा वाकायला आला.

जहाजातली माणसं दिवसभर ओकायची आणि मध्येमध्ये आपण का निघालो ते एकमेकांना सांगायची. एक जण घरातला धाकटा, बापाची सगळी जमीन थोरल्या भावाला गेली होती. एकाला तिकडच्या समुद्रातले मासे आणि त्यांचा बाजारभाव, एवढंच दिसत होतं. ज्याला विचारावं तो आधी देवाचं नाव घ्यायचा, मग जेवणाच्या वेळी खरं सांगायचा. रीव्ह नावाचा एक विणकर मात्र खरोखरच देवासाठी निघाला होता. नव्या बिशपच्या हुकमाने चर्चमध्ये जिथे प्रभूच्या नावाची भाकर वाटतात त्या मेजाभोवती कठडा घातला, साध्या माणसाला जवळ जाऊ देईनात, याचा त्याला मनापासून त्रास झाला होता. तो हे सांगताना रडला.

थॉमझिन त्याला म्हणाली, "म्हणजे दादा, तुमचंही कुंपणच."

रीव्हने डोळे पुसले. "तसंच म्हणा वहिनी," तो म्हणाला.

मला तेव्हा वाटलं, कुंपणाला कंटाळलेली एवढी माणसं एका जागी जमलीत, तर तिकडे कुणी कुंपण घालणार नाही. घंटेला अक्कल किती असायची!

नव्या हेझलडनला पहिला हिवाळा वाईट गेला, त्याचं रडगाणं गात नाही. वसंतात एका सधन शेजाऱ्याने अ‍ॅम्ब्रोझला एक गाय अर्धलीने दिली. सांभाळायची यांनी, वासरं निम्मी निम्मी. तिचं नाव रोझ. थॉमझिनने मला पेटीतून काढलं, राखेने घासलं आणि रोझच्या गळ्यात बांधलं. मग तिला दारातून नुसतं सोडून दिलं. रोझ नदीकाठच्या कुरणात गेली आणि चरू लागली. कुणी हटकलं नाही. कुणी विचारलं नाही. थॉमझिन दारात उभी राहून रडली. तो दिवस आठवला की गंज चढलेल्या माझ्या अंगाला आजही बरं वाटतं.

नदीच्या वळणावर अस्कूनेतचं शेत होतं. अस्कूनेत त्याच देशची बाई, थॉमझिनपेक्षा वयाने थोडी मोठी. आम्ही यायच्या काही वर्षं आधी साथ आली आणि तिच्या गावातली बहुतेक माणसं मेली. ती, तिच्या मुली आणि थोडे नातलग उरले होते. मातीचे लहान लहान ढीग करून ती त्यावर मका लावायची, मक्यावर घेवड्याचे वेल चढवायची, खाली भोपळे पसरायचे. सरळ ओळ नाही, बांध नाही आणि कुंपण नाही. तिच्या लोकांना कुंपण लागायचंच नाही, कारण त्यांच्याकडे गाय नव्हती. आमच्या लोकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांना ते शेत वाटलंच नाही. रानात आपोआप उगवलंय, असं काही जण खरोखर समजले.

थॉमझिन तसं समजली नाही. पहिल्या हिवाळ्यात तिला मका कांडायला अस्कूनेतनेच शिकवलं होतं. थॉमझिनने तिला बदल्यात ताजं दूध दिलं. अस्कूनेतने घोट घेतला, थुंकून टाकला आणि आपल्या मुलींना काहीतरी सांगितलं. सगळ्या पोट धरून हसल्या. थोडं आपल्या भाषेत, थोडं आमच्या, बाकी हातांनी बोलत तिने विचारलं, "हे वासराचं ना? मग तू का पितेस?"

"वासराला पुरून उरतं गं."

"त्याला विचारलंस?"

दोघींचं जमलं ते असं. माझं आणि अस्कूनेतचंही जमलं. रोझ शेताजवळ गेली की मी वाजायचे, अस्कूनेत काठी घेऊन बाहेर यायची आणि रोझला हाकलायची. मारायची नाही, नुसती "हुश" करायची. तिच्या मक्याला कुंपण नव्हतं असं म्हणतात ते खोटं आहे. मी होते ना.

तिसऱ्या वर्षी गावात गाई वाढल्या आणि जवळचं गवत कमी पडलं. रोझची दोन वासरं झाली होती. अ‍ॅम्ब्रोझला वाटू लागलं, आणखी एक झालं की शेजाऱ्याला वासरं देऊन रोझ आपलीच करून घेता येईल. त्यात पाप काही नव्हतं. पाप पुढे झालं. मक्याची कणसं भरत आली होती. एका सकाळी धार काढून झाल्यावर अ‍ॅम्ब्रोझने थॉमझिनच्या सूत कातायच्या टोपलीतून लोकर घेतली, बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. मग रोझला वळणाच्या दिशेने सोडलं.

लोकरीची चव मी ओळखली. या वेळी मात्र राग आला. पण मुक्या घंटेचा राग कुणाला ऐकू जाणार?

अस्कूनेत त्या दिवशी मुलींसोबत शिंपले गोळा करायला गेली होती. परत आली तेव्हा रोझने जवळजवळ अर्धं शेत संपवलं होतं. तिने गाय झाडाला बांधली आणि खाली बसून राहिली. दुपारी थॉमझिन गाय शोधत तिथे पोचली. तुडवलेला मका तिने पाहिला. मग ती माझ्याजवळ आली आणि मला हलवलं. मी वाजले नाही. तिने माझ्या तोंडात बोट घातलं, आणि बोळा हातात आल्यावर आपल्याच टोपलीतली लोकर ओळखली.

घरी येऊन तिने बोळा अ‍ॅम्ब्रोझच्या ताटाशेजारी ठेवला. "हे काय?"

"चरल्याशिवाय गाय दूध देत नाही."

"वर्षभराचं धान्य होतं तिचं."

"मग तिने राखायचं होतं. तिच्या शेताला कुंपण आहे का? ज्याला कुंपण नाही त्याला मालक नाही."

"हे कुठेतरी ऐकलंय आपण," थॉमझिन म्हणाली.

"ऐकलंय," अ‍ॅम्ब्रोझ म्हणाला. "म्हणूनच तर पाठ आहे."

तो वाईट माणूस नव्हता. पुन्हा भुकेला राहायचं नाही एवढंच त्याने ठरवलं होतं. असं ठरवलेल्या माणसाशी वाद घालणं कठीण असतं.

थॉमझिनने घरातला निम्मा मका पोत्यात भरला आणि पाठीवर घेऊन वळणावर नेऊन दिला. गावसभेतही ती बोलायला उभी राहिली. बायकांनी सभेत बोलायची रीत नव्हती, तिला बसवलं. सभेने ठरवलं की अस्कूनेतच्या लोकांनी शेताला कुंपण घालावं, नाहीतर नुकसानीची तक्रार आणू नये. आणि जिला कुणाचं कुंपण नाही ती नदीकाठची जमीन गावाने घेऊन कुंपण घालावं. रीव्ह, तोच जहाजात रडलेला रीव्ह, सभेत पुढे बसला होता. त्याचा हात सगळ्यांत आधी वर गेला. गावात उत्तम कुंपण घालणारा कोण, हे विचारावंही लागलं नाही. अ‍ॅम्ब्रोझच्या कामाला पहिल्यांदाच मान मिळाला.

पुढच्या वर्षी गाई होत्या, डुकरंही होती. डुकरांच्या गळ्यात तर घंटाच नसतात. अस्कूनेतने दोनदा पेरलं. दोनदा गेलं. मग एका सकाळी ती आणि तिची माणसं टोपल्या बांधून नदीच्या वरच्या अंगाला निघाली. वाट अ‍ॅम्ब्रोझच्या नव्या कुंपणाच्या बाहेरून जात होती. आत रोझ कुंपणाला लागून चरत होती, थॉमझिन फाटकाशी होती.

अस्कूनेत थांबली. टोपलीत बियाण्याची कणसं होती. थॉमझिनने तिला भाकरी दिल्या, तिने घेतल्या. तोवर तिला आमची भाषा बरीच येऊ लागली होती.

"एक विचारू? किती वर्षं विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तुमचा गाव का सोडला? तिथलं गवत संपलं होतं का?"

थॉमझिनने फाटकाची फळी धरली होती. "नाही," ती म्हणाली. "गवत भरपूर होतं."

अस्कूनेत पुढचं ऐकायला उभी राहिली. पुढचं वाक्य सोपं होतं, मलाही येत होतं. पण ते बोलायचं तर त्या फळीवरचा हात आधी काढायला हवा होता. थॉमझिनचा हात निघाला नाही. जरा वेळाने अस्कूनेतच्या लक्षात आलं असावं, कारण तिने एकदा कुंपणाकडे टोकापर्यंत पाहिलं. मग फळ्यांच्या फटीतून हात आत घातला, रोझच्या गळ्यातल्या मला बोटाने एकदा वाजवलं आणि चालू लागली.

त्यानंतर माझ्या तोंडात कुणी बोळा घातला नाही. गरजच उरली नाही.

रोझ गेली, तिच्या लेकी गेल्या. अ‍ॅम्ब्रोझ गेला तेव्हा त्याच्या नावावर बरीच जमीन होती आणि सगळीला कुंपण होतं. आता गाई कुंपणातच चरतात, हरवत नाहीत, म्हणून मी खिळ्यावर. कधीकधी थॉमझिनची नात गोठ्यात येते. परवा तिने विचारलं, "आजी, तुम्ही खरंच देवासाठी आलात?"

म्हातारी मका सोलत होती. म्हणाली, "गवतासाठी आलो बाई."

"मग तिकडे गवत नव्हतं?"

म्हातारीने पुढचं कणीस उचललं.

तेव्हा माझी एवढी विनंती आहे. उद्या कुणी मला खिळ्यावरून काढलंत तर लगेच वाजवू नका. आधी माझ्या तोंडात बोट घालून बघा. वर, लोलक अडकवलेल्या कडीत लोकरीचे दोन धागे गुंतून राहिलेत. एक पहिल्या हेझलडनचा, एक इथला. त्यातला कुठला कुठला, ते आता मलाही सांगता येत नाही.